पोळ्यांना कोणी हात लावू नये

बोरी अरबकडे जायचे मी तीनदा रद्द केले होते. चौथ्यांदा करता आले नाही, कारण कार्ड टाकून बसलो होतो.

यवतमाळात मधमाशीपालनाचा वर्ग नुकताच पुरा केला होता. शाळा सातवीत सुटलेली, म्हणून वर्गातला शब्दन् शब्द वहीत उतरवून ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले. त्या वहीच्या जोरावर बाजारात भेटलेल्या सुभद्राबाईंना मदतीचा शब्द देऊन बसलो. बोरीपुढच्या खेड्यात त्यांचे घर. धर्म बदलला तेव्हा भिंतीतल्या देवळीतले देव निघाले, रिकाम्या देवळीवर फळी ठोकली आणि फटीतून सातेरी मधमाश्या आत राहायला आल्या. आता त्यांचे सासरे सोनबाजी पौर्णिमेला तिथेच बुद्धाची मूर्ती बसवणार होते. त्याआधी माश्या हलल्या नाहीत तर गोवऱ्या पेटवून जाळून काढणार होते.

कार्डावर मी लिहिले : 'शनिवारी येतो. मी येईपर्यंत पोळ्यांना कोणी हात लावू नये. एकूण पोळी मोजून ठेवावीत.' एकही चूक नव्हती.

जाणाऱ्यांनी सकाळची दारव्ह्याची मोटार धरावी. मी दुपारची धरली. मांडीवर रिकामी लाकडी पेटी.

"काय हाय आत?" कंडक्टरने विचारले.

"यात मधमाश्या ठेवतात," मी खरे ते सांगितले.

क्षणात बाक रिकामा झाला. बोरीपर्यंत मी एकटा बसलो आणि बाकीचे उभे. ऐसपैस जागा हवी असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे. बोरीला दोन आण्यांत चहा नि भजी मिळतात. पुढे दोन कोस गाडवाट, सावली नाही. डोक्याला दुपट्टा बांधाच.

पोहोचलो तर अख्खे घर अंगणात ओळीने बसलेले.

"जयभीम मास्तर," सोनबाजी म्हणाले. "मोजून ठेवल्या. चाळीस हायेत. येकीलेबी कोनाचा हात लागला नाही."

चाळीस! वर्गात सातापुढे आकडा ऐकला नव्हता. "मोठी आहेत की लहान?"

"पुरनाच्या हायेत," सुभद्राबाई म्हणाल्या.

मी पेटी खाली ठेवली आणि काय घोटाळा झाला ते सांगितले.

"मंग मोहोळ म्हनाचं ना, बाप्पा!" सोनबाजी कडाडले. "पोळ्या कायले म्हनाच्या? सकाळपासून वास घेऊन राह्यलो इथं!"

आधी सगळे जेवलो. मग ऊन उतरल्यावर सोनबाजी काडीपेटी घेऊन उभे राहिले. "निघतात का गवऱ्या आनू?"

"मामाजी, बुद्धाले बसवाचं म्हून जीव जाळता? थो काय म्हनन?" सुभद्राबाईंनी विचारले.

सोनबाजींनी काडीपेटी काही खिशात ठेवली नाही.

देवळीवरची फळी काढली. सहा पोळी, माश्यांनी भरलेली. वहीप्रमाणे एकेक कापून पेटीतल्या चौकटीत सुताने बांधले. पुढे वहीत होते : 'राणी पेटीत गेली की बाकीच्या मागोमाग जातात.' राणी दिसेना. त्याखाली लिहिले होते, 'घाबरू नये.' रू दीर्घ, बरोबर होता. मी घाबरलो. चौकट पेटीवर आपटली, माश्यांचा आवाज चढला.

"झालं," सोनबाजी म्हणाले. "गवऱ्या आना."

"मास्तर, वही मिटा," सुभद्राबाई हळूच म्हणाल्या. "थे पाहा लांबुडकी. बाकीच्या तिले वाट देऊन राह्यल्या."

त्यांनी सासऱ्यांच्या हातातली काडीपेटी घेतली, काड्या जमिनीवर ओतल्या आणि रिकाम्या पेटीने राणीला अलगद उचलून घेतले. काडीपेटी आमच्या पेटीत ठेवली. दिवेलागणीपर्यंत माश्या रांगेने आत गेल्या.

"माही काडीपेटी?" सोनबाजींनी विचारले.

"रानीसायबाजवळ हाय. मागता का?"

सकाळी पेटी परसातल्या लिंबाखाली मांडली. मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या. शेजारणी जमल्या. मी वही उघडणार, तोच सुभद्राबाई सुरू झाल्या : "दारासमोर उभं नाही राहाचं. मागून या. सारा मध नाही काढाचा, त्याइच्या पिल्लाइले काहून उपाशी ठेवता? काल आमी राह्यलो ना उपाशी, आमाले इचारा."

वहीत दोन पाने भरलेला मजकूर एवढ्यात झाला.

परतीला पेटी नव्हती, त्यामुळे यवतमाळपर्यंत उभ्याने आलो. एक बोट सुजलेले होते आणि बरोबर चार पुरणपोळ्या होत्या. त्या कार्डाची मात्र पुढे कितीतरी दिवस लाज वाटायची.

महिन्याने सुभद्राबाईंचे कार्ड आले : 'मुर्ती बसलि. माश्या मज्यात. शेजारच्या भितीतलं मोहळ मिच हालवलं. मामाजि काडिपेटि ईचारतात. पोळ्या तूम्हि याल तवा करिन. मोजाच्या नाहि खायाच्या.'

सवयीने पेन्सिल उचलली. पंधरापर्यंत चुका मोजल्या आणि पेन्सिल खाली ठेवली. एकही शब्द दोनदा वाचावा लागला नव्हता.