टिकवलेला ग्राहक
काशीत देह ठेवला की माणूस सगळ्या बंधनांतून सुटतो, असं रामघाटावरच्या आमच्या मराठी वस्तीत लहानपणापासून ऐकत आलो होतो. पेजर कंपनीत नोकरीला लागल्यावर मला त्यातला अपवाद कळला. परवा फोनवर एका मुलीनं गोड आवाजात विचारलं, “सर, आमची सेवा का सोडताय?” तेव्हा नव्वदच्या दशकाअखेरचं ते ऑफिस आठवलं, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आठवला आणि काउंटरपुढे उभी राहिलेली एक मराठी बाई आठवली. गेलेल्या नवऱ्याचा पेजर तिनं रुमालात गुंडाळून आणला होता. “भाऊ, हा बंद करून द्या. अजून वाजतो, आणि वाजला की सासूबाई मुलगा आला म्हणून दार उघडायला उठतात.” ग्राहक सुटला की आमचे मॅनेजर त्याला ‘चर्न’ म्हणायचे, राहिला की ‘रिटेन्शन’. बंद करण्याच्या अर्जात बदली, दर आणि तक्रार एवढीच कारणं छापली होती. मी आत जाऊन मॅनेजरांना विचारलं. “मरना कोई कारण नहीं है,” ते म्हणाले. “तुम्हारी तरफ़ की हैं, मराठी में समझाओ.” मी समजावलं. “वहिनी, वर्षभर राहू द्या. कुणाचा महत्त्वाचा निरोप यायचा असेल.” “दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं, पण तुम्ही आपले आहात,” असं म्हणून तिनं नूतनीकरणाच्या अर्जावर सही केली आणि पेजर पुन्हा रुमालात गुंडाळला. त्या तिमाहीत आमच्या शाखेतून एकही ग्राहक गेला नाही, म्हणून मला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळालं. ते आजही बरोबर वेळ दाखवतं.