लांबट दाणा

खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटायचा. आजही वाटतो. माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात आम्ही दोघं पॅनमन. उसाच्या रसाचा पाक मोठ्या बंद कढईत आटवायचा, काचेवर थेंब घेऊन उजेडात दाणा बघायचा आणि कढई कधी सोडायची, म्हणजे खाली रिकामी करायची, ते ठरवायचं, हे आमचं काम. ते त्याला शिकवलं मी. आला तेव्हा त्याला वाफेचा व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवायचा तेसुद्धा कळत नव्हतं!

कुणाचंही अडलं की फोन मला यायचा. सुट्टी असो, लग्न असो, भरल्या ताटावरून उठून मी सांगायचो, "वाफ कमी करा, मी आलोच." बायको चिडायची. मला मात्र लई बरं वाटायचं.

मागच्या हंगामात कढयांना सेन्सर बसले, भिंतीवर स्क्रीन लागली. पुण्याहून एक मॅडम आल्या. आम्हा जुन्यांच्या डोक्यात जे काही आहे ते त्यांना कॉम्प्युटरात भरायचं होतं. म्हणजे उद्या कामावर कोणीही असो, काय करायचं ते स्क्रीन सुचवणार, आणि खाली सल्ला देणाऱ्याचं नाव दिसणार. आणि ह्या बाई आधी कुणाकडे गेल्या? त्याच्याकडे! तोही पठ्ठ्या दिवसभर बोलत बसला. चार दिवसांनी बघतो तर स्क्रीनवर जिथं तिथं त्याचंच नाव. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग मॅडम माझ्याकडे आल्या. "काका, ऊस शिळा असला की काय करता? एवढं कुणाला विचारायचं राहूनच गेलंय."

मला सगळं ठाऊक. शिळ्या उसाचा पाक चिकट होतो, दाणा लांबट पडतो. तेव्हा वाफ कमी करायची, गरम पाण्याचा घोट द्यायचा आणि थांबायचं. नेहमीसारखा रस घेत गेलं तर अख्खी कढई बिघडते. पण मी मिठाची गुळणी धरली. म्हणालो, "काय न्हाई बाई, अंदाजानं करतो." मनात म्हटलं, भरा आता कॉम्प्युटरात अंदाज.

महिनाभरात रस काढायची मिल बंद पडली. उसानं भरलेल्या गाड्या तीन दिवस गेटवर उन्हात उभ्या. मिल चालू झाली त्या दिवशी नेमकी माझी सुट्टी. सकाळपासून फोन घेऊन ओट्यावर बसलो. बघतोच म्हटलं, माझ्याशिवाय कसं चालतंय! रेंज आहे का, तेही चारदा बघितलं.

"कुनाची वाट बघायलाव?" बायको म्हणाली. मी तिच्यावरच खेकसलो.

दुपारचे दोन वाजले तरी फोन नाही. शेवटी गाडी काढली आणि सहज चहाला आल्यासारखा कारखान्यात गेलो.

पाळीवर तोच होता आणि कढई व्यवस्थित सुटली होती. स्क्रीन रस घ्या, रस घ्या म्हणत असताना त्यानं काचेवर लांबट दाणा बघितला, वाफ कमी केली, पाणी दिलं आणि थांबला. माझंच शिक्षण, दुसरं काय!

"मला फोन कावून केला न्हाईस?" मी विचारलं.

"तुमची सुट्टी होती की उस्ताद. आन् तुमीच शिकिवलेलं हाय, मग तुमाला कशाला तरास द्यायचा?"

मॅडम हे सगळं टाइप करत होत्या. खाली त्यांनी त्याचं नाव टाकलं, तसा तो पुढं झाला. "न्हाई मॅडम, हे माझं न्हाई. उस्तादांचं हाय. त्यांचं नाव टाका."

त्यांनी टाकलं आणि माझ्याकडे वळून बघितलं. "काका, तुम्हाला माहीत होतं हे?"

मी खाली बघत होकाराची मान हलवली. तो आपला हसत उभा. एवढं मोठं मन ह्याला कुठनं आलं? ते माझ्याकडनं तर नक्कीच आलं नव्हतं. त्या नावांनी भरलेल्या स्क्रीनवर मी इतके दिवस जळलो, पण त्या दिवशी त्याच्या त्या मनावर जितका जळलो तितका कशावरच नाही.