मावशीची फळी टेबल सोडेना

माझ्या मावशीने जन्मात एकच परीक्षा दिली, तीही सत्तेचाळिसाव्या वर्षी, आणि तिची फळी टेबलालाच चिकटून बसली.

सात वर्षं ती आमच्या कारखान्यात झाडू मारत होती. तिथे सगळेच तिला मावशी म्हणत. खरी भाची मी एकटी, पॅकिंगला. आमच्याकडे हलक्या पण दणकट फळ्या बनतात. टेबलावर खाली रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारं चिकट रसायन, पाजलेलं काचेच्या धाग्यांचं कापड, मध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी, वर पुन्हा कापड. त्यावर प्लॅस्टिक घालून पंपाने आतली हवा ओढली, की थर घट्ट बसतात. मावशीने झाडता झाडता हे सगळं टिपलं आणि मालकांच्या मागे भुणभुण लावली, “एक फळी मला करू द्या ना!”

मालक वैतागून म्हणाले, “जमली तर कारागीर. बिघडली तर पुन्हा नाव काढायचं नाही.”

आजवर सगळे थर घालणारे मिस्त्री नाक मुरडून बाजूला झाले. त्यांनी कधी कुणाला टेबलाजवळ फिरकू दिलं नव्हतं.

पण मावशीने काय थर घातले म्हणून सांगू! एक बुडबुडा नाही, एक सुरकुती नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॅस्टिक सोलून आम्ही फळी उचलायला गेलो, तर ती हलेचना.

मावशीने कपाळावर हात मारला. “अगं बाई! टेबलाला मेण लावायचंच राहिलं!”

मेण नसलं की रेझिन टेबलालाच धरतं. पाचर ठोकली, पाचर मोडली. चौघांनी ओढलं, सहा जणांनी ओढलं. शेवटी मालक बाह्या सरसावून आले, तर फळीबरोबर अख्खं टेबलच उचललं गेलं आणि मालक धपकन जमिनीवर! हसून हसून आमची पोटं दुखायला लागली. मावशीही हसत होती, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी. सात वर्षं पाण्यात गेली होती तिची. मला एकदम फार वाईट वाटलं.

“झाडू घेते मी,” ती म्हणाली.

एकटे मिस्त्रीच काय ते हसले नव्हते. ते वाकले, फळीवर टकटक करत कान लावून फिरले, मग चपला काढून वर चढले आणि चक्क उड्या मारायला लागले. साठीचा माणूस!

“एवढी ओढाताण केलीत, पण एक थर सुटला नाही,” ते धापा टाकत म्हणाले. “माझ्या हातून तरी असं झालं असतं का, कुणास ठाऊक.”

खाली उतरून ते मावशीसमोर उभे राहिले.

“उद्यापासून थर तुम्ही घाला. मेण मी लावत जाईन.”