पुढे सोडलेली जागा

मामा स्टिअरिंगवर झोपतो ही बातमी ट्रकतळावर पसरायला चहाचा एक कप पुरला. मामी गेल्यापासून त्याला रात्री डोळा लागत नाही, म्हणून दिवसा लागतो. पुलावरच्या गर्दीत पुढची गाडी सरकली तरी याचा ट्रक ढिम्म. समोर दोन हत्ती शेजारी शेजारी उभे राहतील एवढी जागा रिकामी पडते आणि मागून हॉर्नचा गलका झाला की मग स्वारी जागी होते. सांगणारा चष्मेवाला ड्रायव्हर छातीवर हात मारून म्हणाला, "आईशपथ, डोळे मिटलेले होते! मी माझ्या स्वतःच्या चष्म्यातून पाहिलंय!"

यातलं झोपेचं साफ खोटं. मामाचे डोळे जन्मापासूनच अर्धे मिटलेले. शाळेत मास्तरांनी त्यापायी त्याला किती खडू फेकून मारले असतील, त्याची गणती नाही.

जागेचं मात्र खरं. गर्दीत बाकीचे ड्रायव्हर पुढच्या गाडीच्या शेपटीला नाक लावून चालतात. वीतभर सरकायचं, थांबायचं, पुन्हा वीतभर. त्या प्रत्येक वितीला क्लच अर्धवट दाबून धरावा लागतो, आणि अर्धवट दाबलेला क्लच म्हणजे आत दोन तापलेले तवे एकमेकांवर घासत बसलेले. जळका वास सुटतो आणि एक दिवस भर चढावर इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी जागची हलत नाही.

मामाचं तंत्र निराळं. तो पहिला गिअर टाकायचा, पाय पेडलवरून उचलून खाली टेकवायचा आणि ट्रकला आपला आपण मुंगीच्या चालीने जाऊ द्यायचा. मुंगीला न थांबता चालायचं तर समोर वाट मोकळी हवी. त्यासाठी ती जागा. ती संपत यायच्या आत पुढची रांग बहुधा पुन्हा हललेली असायची. रांग अगदीच अडली तर न्यूट्रल, हँडब्रेक आणि पाय मोकळा. चढावरसुद्धा ट्रक हँडब्रेकवर धरायचा, क्लचवर नाही. मधल्या जागेत टेम्पो घुसायचे, दुचाक्या घुसायच्या, मागचे आईबाप काढायचे. कुणी बोललंच तर मामा म्हणायचा, "घुसू दे की. आपल्या पोटात तर नाही ना घुसत!"

पण बातमी मालकाच्या कानावर गेलीच. मालकाला प्रत्येक गोष्ट दोनदा म्हणायची खोड. "झोपणाऱ्याच्या हाती मी ट्रक देणार नाही मामा, नाही देणार. उद्या कुणाच्या अंगावर घातलात म्हणजे?"

नेमका त्याच आठवड्यात गिअरबॉक्स किरकिरायला लागला म्हणून ट्रक गॅरेजात होता. तिथल्या मिस्त्रीने हात पुसत तोड काढली. "गिअरबॉक्स उतरवतोच आहे, काय. म्हणजे क्लचची प्लेट बाहेर येणार. डुलकी घेणाऱ्याचा पाय पेडलवर लोळतो, काय. पाय लोळला की प्लेट जळते. उद्या बघून घ्या, माणूस खोटं बोलेल, प्लेट नाही बोलणार."

"मग ठरलं, ठरलं! प्लेट जळकी निघाली तर चावी माझ्याकडे."

मामाने वाद घातला नाही. खिशातून चावी काढून त्याने आपल्या हाताने मिस्त्रीच्या पाटावर ठेवली आणि पायी घरी आला. घर तसं बहिणीचं. मामी गेल्यावर त्याने आपली खोली सोडली होती आणि इथे जिन्याखाली खाट टाकली होती. भांडीकुंडी वाटून टाकली, मामीच्या साड्या कुणाकुणाला दिल्या. हात कुठे ठेवायचे हे त्याला जिथे नक्की ठाऊक होतं, अशी एक ट्रकची केबिनच काय ती उरली होती.

संध्याकाळी जेवताना भाचीला, म्हणजे हे लिहिणारीला, ऊत आला होता. तिने नकलेत चष्मेवाला काढला, दोनदा बोलणारा मालक काढला, मिस्त्रीचा "काय" असा काढला की तिच्या आईला हसून ठसका लागला. मामा ताटात बघत होता.

"मामा, ती प्लेट बदलली तेव्हा मी दुसरीत होते. जळकीच निघणार. लाव पैज!"

"अगं ए, तोंडाला काही कडी-कोयंडा?" आई ओरडली. "त्याचा जीव टांगणीला लागलाय आणि तुला खेळ सुचतोय!"

"लावू दे," मामा म्हणाला. "हरलीस तर मी सांगेन तो आवाज काढायचा. एकदाच."

"आणि तू हरलास तर?"

"तर काय, उद्यापासून घरीच आहे. समोर बसून माझी नक्कल कर."



दुसऱ्या दिवशी गॅरेजात मालक होता, चष्मेवाला होता, डबा द्यायचं निमित्त करून भाचीही होती. मिस्त्रीने प्लेट बाहेर काढली, फडक्याने पुसली, उजेडात धरून सावकाश फिरवली. मग रिवेटांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. अस्तर झिजून रिवेट वर आले की प्लेट मेली. इथे नख अजून खळग्यात उतरत होतं.

"जळल्याचा डाग नाही, काय. अजून बरीच चालेल."

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसायला घेतला. मालक मात्र मामाकडे बघत राहिला. "हे असं चालवायला शिकवलं कुणी मामा? कुणी शिकवलं?"

"बायकोने."

सगळे हसले. "वहिनींना ट्रक चालवता येत होता? येत होता?"

"नाही," मामा म्हणाला. "तिला धक्के सोसत नव्हते."

मामीचं दुखणं हाडांत उतरलं होतं. इस्पितळ पुलाच्या पलीकडे, सिमेंटच्या गोण्यांची फेरीही त्याच वाटेने. म्हणून पाठीशी उशी देऊन तो तिला शेजारी बसवून न्यायचा. तेव्हा तोही चारचौघांसारखाच चालवायचा, वीतभर सरकत. प्रत्येक हिसक्याला मामीची मूठ दाराच्या दांडीवर आवळायची. विचारलं तर म्हणायची, "मला काय धाड भरलीय? तुम्ही रस्ता बघा." तो रस्ता बघायचा आणि ती मूठही बघायचा. मूठ सैल पडावी म्हणून त्याने पुढे हातभर जागा सोडून पाहिली. मग गाडीभर. मग पाय काढून घेतला. एके दिवशी पूल संपला तेव्हा तिचा हात मांडीवर उघडा पडलेला होता. त्यानंतर मामाने दुसऱ्या तऱ्हेने ट्रक चालवलाच नाही. शेजारची जागा रिकामी झाली तेव्हाही नाही. प्लेट वाचली ती आपसूक.

गॅरेजात त्याने यातलं काही सांगितलं नाही. तरी मिस्त्री "काय" म्हणाला नाही. मालकाने पाटावरची चावी उचलून त्याच्यापुढे धरली. "घ्या मामा," तो म्हणाला, आणि एकदाच म्हणाला.

गिअरबॉक्स बसल्यावर पहिल्या फेरीला मामाने भाचीला शेजारी बसवलं. पूलभर तिची टकळी चालू होती. ट्रक कधी थांबला ते तिला कळलंच नाही. बाहेर बघते तर इस्पितळाचा कोपरा.

"पैज," मामा म्हणाला.

"सांग. मालक काढू?"

"तुझी मामी."

मामा समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "डोळे मिटून बसायची. गाडी थांबलेली कळायची नाही तिला. इथे आलो की रोज विचारायची, 'थांबलो का हो आपण?'"

साऱ्या ट्रकतळाचे आवाज खिशात घेऊन फिरणाऱ्या पोरीला तो एक आवाज सापडायला वेळ लागला. तिने डोळे मिटले, हात मांडीवर उघडा ठेवला.

"थांबलो का हो आपण?"

मागे हॉर्नचा गलका उठला होता.

"थांबलो," मामा म्हणाला.