आमच्या बाबांना चालताना हाक मारू नका

आपल्या रिठद गावाच्या ग्रुपवरच्या सगळ्यांनी हे वाचा, आमच्या गल्लीतल्यांनी तर नक्कीच.

माझ्या वडिलांना पार्किन्सन आहे, हे तुम्हाला माहीत आहे. आज त्यांना वाशिमला डॉक्टरांकडे नेलं.

"बाबा, कधी पडले का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाई. मी कायले पडतो?"

डॉक्टरांनी त्यांना खोलीत चालायला लावलं. बाबा चांगले चालले, मला बरं वाटलं. परत फिरल्यावर डॉक्टरांनी सहज विचारलं, "औंदा सोयाबीन कसं हाय?" बाबा सांगायला लागले आणि पाय जागीच थांबले. वरचं अंग मात्र पुढे गेलं. डॉक्टर तयारच होते, त्यांनी धरलं.

"बोलणं आणि चालणं त्यांना आता सोबत जमत नाही," ते मला म्हणाले. "असंच राहिलं तर पडतील. चालताना त्यांच्याशी कोणी बोलू नका."

ऑटो गल्लीच्या तोंडाशी थांबला. तिथून आमच्या दारापर्यंत ओटे, आणि ओट्याओट्यावर माणसं.

"काय म्हने डाक्टर, भाऊ?" चालताना एका ओट्यावरून बाबांना हाक आली.

बाबांनी उत्तर द्यायला मान वळवली. पाय थांबले. या वेळी मी धरलं.

घरी मी त्यांना विनवलं, रस्त्यात कोणाला उत्तर देऊ नका. तर म्हणाले, "मंग लोक म्हनतीन, बुढ्याले घमंड आला."

उद्या सकाळी ते नेहमीसारखे एकटेच देवळात निघतील. माझं ऐकत नाहीत.

पहिली हाक कोण मारणार आहे?