रिकाम्या खुर्चीपुढचा फोकस

करणी, भानामती, मागे कुणी उभं होतं वगैरे गप्पा सुरू झाल्या की मी चहा टाकायला उठतो. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे खाली "तुम्ही भित्रे असाल" अशा कमेंट्स नकोत. मी आयर्लंडमध्ये गॉलवेला एका मेडिकल डिव्हाइस कंपनीत कॅलिब्रेशन बघतो, म्हणजे यंत्रं अचूक मोजतात की नाही ते तपासतो. तीनदा मोजल्याशिवाय मी बायकोवरही विश्वास ठेवत नाही, असं तीच म्हणते.

गेल्या उन्हाळ्यात आई नागपूरहून तीन महिने आमच्याकडे राहून गेली. परत गेल्यावर पाचव्या आठवड्यात ती झोपेतच गेली. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. रडू आलं नाही... अजूनही आलेलं नाही. ऑफिसात कुणी कसा आहेस विचारलं की मी "ग्रँड" म्हणतो, म्हणजे मजेत. इथे सगळे तेच म्हणतात.

तेराव्याला हार घालायला आईचा धड एकच फोटो सापडला, व्हिसाचा. त्यात हसायला बंदी! हार घातलेली आई इमिग्रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी दिसत होती. धाकटा भाऊ मंगेश म्हणाला, "दादा, वर्षश्राद्धापर्यंत एक चांगला दे. तुझ्याकडे तं एवढा मोठा कॅमेरा आहे न."

माझ्याकडे एकच होता. आमच्या किचनमध्ये, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली आई. खुर्चीची पाठ स्वच्छ, पडद्याची वीणसुद्धा स्वच्छ, आणि आईचा चेहरा धूसर. मी मंगेशला ठोकून दिलं, कॅमेरा बॅक-फोकस करतो... म्हणजे माणूस सोडून मागचंच पकडतो.

खरं मला आठवत होतं. फोकस लागल्याची बीप झाली आणि आई एकदम पुढे झुकून म्हणाली, "अरे बापू, आयक तं खरं—"

"आई, दोन मिनिटं गप्प बस ना!" मी ओरडलो आणि बटण दाबलं. मग काय सांगत होतीस, हे विचारायचं राहूनच गेलं. त्यामुळे दोष कॅमेऱ्याचाच निघावा, अशी माझी फार इच्छा होती.

मार्चमधला शनिवार, सकाळचे अकरा. बायको हॉस्पिटलला ड्युटीवर. मी टेस्ट लावली. जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीच्या पाठीला छापील चार्ट चिकटवला, त्याच्या शेजारून कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे आलेली मीटरपट्टी, तिचं शून्य पाठीशी. कॅमेरा ट्रायपॉडवर, मधला एकच फोकस पॉइंट, दर वेळी फोकस पूर्ण बिघडवून परत लावायचा. पट्टीवरचा जो आकडा स्पष्ट दिसेल, तिथे फोकस. दहा फोटो काढले. दहाही चार्टवर अचूक. मेन्यूत फोकस पुढेमागे सरकवायला वजा वीस ते अधिक वीस ॲडजस्टमेंट मिळते, मला शून्यावरून हलवायची गरजच पडली नाही.

म्हणजे कॅमेरा निर्दोष. हे कळल्यावर काहीतरी वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

तरी माझी खोड. तोच चार्ट, तीच पट्टी, तेच अंतर... फक्त आता आईच्या खुर्चीवर. दहा फोटो. दहाही वेळा चार्ट धूसर आणि पट्टीवर 46 सेंटिमीटरचा आकडा स्वच्छ. म्हणजे खुर्चीच्या पाठीपासून 46 सेंटिमीटर पुढे, जिथे निव्वळ हवा होती. ॲडजस्टमेंट वजा वीस केली, अधिक वीस केली, लेन्स बदलली, पडदा ओढून उजेड बदलला. आकडा हलला नाही. टेबलाजवळची खुर्ची आणून तिथे ठेवली, तर पुन्हा चार्टवर अचूक.

माझी आठ वर्षांची ईरा दारात उभी होती. "बाबा, हू आर यू टेकिंग अ पिक्चर ऑफ?"

"कुणाचाच नाही गं."

मग मी त्या खुर्चीत बसलो. फोटोत आई झुकली होती तसा झुकलो आणि ईराला टेप धरायला लावली. खुर्चीच्या पाठीपासून माझ्या नाकापर्यंत 46. आई माझ्यापेक्षा बुटकी, तेव्हा दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे धरा.

मी परत कॅमेऱ्यामागे गेलो. बटण अर्धं दाबलं, बीप झाली. "बोल," मी म्हणालो. किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग ईराला भूक लागली आणि मी भात लावला.

दुपारी मंगेशला फोन केला. "कॅमेऱ्यात फॉल्ट नाहीये. आई काहीतरी सांगत होती, मीच तिला गप्प केलं."

मंगेश म्हणाला, "तू काहून एवढा त्रास करून घेऊन राहिला? तोच पाठव. त्याच्यात आई बोलून तं राहिली आहे. व्हिसावाल्यात तं तोंडच बंद आहे."

मी पाठवला. आता नागपूरच्या घरी तोच लावलाय.

त्यानंतर तीन शनिवार मी ती टेस्ट पुन्हा केली, प्रत्येक वेळी 46. बायकोनेही करून पाहिली, तिलाही तेच. ऑफिसातल्या ऑप्टिक्सवाल्याला दाखवलं, त्याने खांदे उडवले. मला याचं कारण माहीत नाही. आणि आई काय सांगत होती, तेही नाही.