पाटीवरचा पुरुष

धरमपेठेतल्या त्या दोन खोल्यांत मी राहायला गेले तेव्हा माझे वय एकेचाळीस होते, मुलींच्या शाळेत भूमिती शिकवण्याचा अनुभव सतरा वर्षांचा होता आणि लग्न झालेले नव्हते. घरमालकांना यांपैकी फक्त तिसऱ्या गोष्टीत रस होता.

ते कुठल्याशा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी मला व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसवले, आत चहा सांगितला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्याबद्दल आम्हाले काही शंका नाही जी, बाई. तुम्ही शिकल्या-सवरल्या. पण एकटी बाई म्हटली की मोहल्ला बोलते. घरी कोणी पुरुष माणूस नाही काय?"

"धाकटा भाऊ आहे. तो सावनेरला नोकरी करतो. बायको आणि दोन मुलांसह तिथेच राहतो."

"मग झालं ना. त्याचं नाव लावा दारावर. तो नाही राहिला तरी चालते. नाव पायजे."

भूमितीच्या वर्गात मी पहिल्याच आठवड्यात सांगत असे की पक्ष आणि साध्य वेगवेगळे लिहावेत. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरून निघाले तर पान भरते, सिद्धता होत नाही. घरमालकांचे पान असे आयुष्यभर भरत आलेले होते. तरीही मी मुकाट्याने सीताबर्डीवरून पाटी रंगवून आणली, कारण शाळा तिथून पायी जाण्याजोगी होती, नळ घरात होता आणि पूर्वेच्या खिडकीशी एक टेबल नेमके बसत होते. यापूर्वीची बारा वर्षे मी नातेवाइकांकडे काढली होती, आणि तिथे माझ्या वह्या तपासण्याची जागा जेवणाची पाने मांडेपर्यंतच माझी असे. त्या टेबलासाठी मी याहून मोठा मूर्खपणाही मान्य केला असता.

पाटीवर भावाचे नाव आणि त्याखाली त्याची पदवी आली. ज्याच्याकडून पाढे मीच पाठ करून घेतले, तो आता माझा पालक झाला होता. खाली माझ्या नावापुरती जागा उरली होती; ती पाहून घरमालक म्हणाले, "राहू द्या, उगाच गर्दी होते."

त्यानंतर जे घडले त्यात विशेष काही नाही. विशेष नव्हते म्हणूनच ते लिहून ठेवण्यासारखे वाटते. न राहणाऱ्या माणसाचा तिथे हळूहळू संसार उभा राहिला. जुलैत घरमालकीणबाई मला विचारत, "भाऊसाहेब दिसले नाही या महिन्यात?" सप्टेंबरपर्यंत त्या स्वतःच इतरांना सांगू लागल्या होत्या की साहेब बहुधा दौऱ्यावर असतात. माझा भाऊ ज्या जागेवर काम करत होता तिथून दौऱ्यावर शिपाईसुद्धा जात नसे. समोरच्या घरातले पेन्शनर एके दिवशी मला फाटकाशी थांबवून म्हणाले, "काल साहेबांले पाहिलं मी. सायकलवर चालले होते. घाईत होते म्हणून हटकलं नाही." माझ्या भावाला सायकल येत नाही. मी तसे सांगितले नाही. ज्याला दिसले आहे त्याला दिसले नाही असे पटवणे हे माझ्या विषयात बसत नाही.

तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून खाऊ मागायला आली. मी त्यांना चिवडा आणि केळी दिली. त्यांच्याबरोबर आलेल्या एक बाई माझ्यासमोरच मुलांना म्हणाल्या, "काकांले सांगा बरं, आम्ही येऊन गेलो म्हणून." संक्रांतीला घरमालकिणीकडे हळदीकुंकू होते. बोलावणे आमच्या दारी आले ते माझ्या भावजयीच्या नावाने. भावजय सावनेरला आहे, हे त्यांना ठाऊक होते. "असू द्या, बाई. वाण तरी पोचवा तिच्यापर्यंत," असे म्हणत त्यांनी माझ्या हातात स्टीलची वाटी ठेवली. ज्या बाईने त्या उंबऱ्याला कधी पायही लावला नव्हता तिची सवाष्णींच्या रांगेत जागा पक्की होती, आणि रोज त्या उंबऱ्यावरून ये-जा करणारी मी वाटी पोचवण्याच्या कामाची होते. मी ती वाटी एसटीने सावनेरला पोचवलीही. भावजयीने तिच्यात हळद ठेवली.

एक गोष्ट मात्र मी लवकर शिकले आणि तिचा उपयोगही केला. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या कुजल्या होत्या आणि मोरीतला नळ गळत होता. हे मी मार्चभर सांगत होते. "पाहू ना जी," असे उत्तर येई. एप्रिलच्या सुरुवातीला मी एवढेच म्हणाले, "माझ्या भावाला गळका नळ मुळीच खपत नाही." हे वाक्य खरे होते; तो त्या बाबतीत फार हळवा आहे. संध्याकाळपर्यंत नळ बदलला आणि दुसऱ्या दिवशी नव्या ताट्या आल्या. शिक्षिकेने येथे हे नमूद करावे की एखाद्या साधनाची किळस येणे आणि ते वापरणे या दोन क्रिया एकाच वेळी करता येतात.

पण जे साधन मी वापरत होते ते दुसऱ्यालाही वापरता येईल, हे मी लक्षात घेतले नाही. एप्रिल संपताना घरमालकांच्या मुलाचे लग्न ठरले. त्यांना माझ्या खोल्या हव्या होत्या. तेव्हाचा कायदा असा होता की भाडेकरूला सहज उठवता येत नसे. अर्ज करा, परवानगी मिळवा, वाट पाहा. भाडेकरू आपण होऊन जायला तयार असेल तर मात्र प्रश्नच मिटे. मी ज्या भिंतीपलीकडे राहत होते तिथे येऊन मला विचारण्याऐवजी हे गृहस्थ भर उन्हात एसटीने सावनेरला गेले, माझ्या भावाकडे जेवले आणि त्याचा होकार घेऊन परतले.

पुढच्या रविवारी भाऊ आला, त्या वर्षात पहिल्यांदाच. व्हरांड्यात त्याच्यासाठी खुर्ची पुसून ठेवलेली होती. समोरचे पेन्शनर त्याला नमस्कार करायला मुद्दाम रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "तब्येत उतरली, साहेब. दौरे कमी करा." भावाने ते मान्य केले.

मग तो माझ्याकडे वळला. "ताई, तुझ्या भल्याचंच आहे. तिकडं मागची खोली खाली करून ठेवली आम्ही. पोरांचा अभ्यासही घेशील."

"आणि माझी नोकरी?"

"सावनेरले शाळा नाही काय वं? लागेल कुठंतरी."

"हो म्हणण्याआधी मला का विचारले नाहीस?"

"तू नाही म्हटली असती," तो म्हणाला. त्या दुपारी बोलले गेलेले सर्वांत प्रामाणिक वाक्य हेच होते, आणि ते आपण काय बोललो हे न कळता आले होते.

मी घरमालकांना विचारले, "या खोल्यांचे भाडेकरू कोण?"

"आता ते काय विचारायचं? दारावर नाव आहे ना साहेबांचं."

"आणि त्यांनी खोल्या सोडायचे कबूल केले आहे."

"केलं ना. माणूस समजदार आहे."

"मग त्यांना सामान हलवायला सांगा. मी वाटेल तेवढी मदत करते."

घरमालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. भावाने खिडकीतून आत पाहिले. टेबल माझे, पुस्तके माझी, स्टोव्ह, पलंग आणि भांडी माझी. त्याच्या मालकीची तिथे एक पाटी होती. मी स्क्रू काढून ती त्याच्या मांडीवर ठेवली.

"अशा वाकड्या काहून बोलून राहिल्या, बाई?" घरमालक म्हणाले. "ते गेले म्हणजे तुम्ही गेल्या."

"तसे होत नाही. ते इथे कधी राहिलेच नाहीत, तुम्हीच म्हणाला होतात, राहिले नाहीत तरी चालते. वर्षभर इथे मी राहते आहे आणि दर महिन्याला माझ्याच हातून भाडे घेता आहात. तेव्हा जे विचारायचे ते मला विचारा."

"काय विचारू?"

"खोल्या सोडता का, असे."

त्यांनी बायकोकडे पाहिले, मग माझ्या भावाकडे. ज्याची परवानगी त्यांनी सावनेरपर्यंत जाऊन मिळवली होती, तो मांडीवरची पाटी सरळ करत होता. शेवटी त्यांनी माझ्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी नजर ठेवून विचारले, "सोडता काय?"

"नाही," मी म्हणाले.

अर्ज त्यांनी केला नाही. अर्जात भाडेकरू कोण हे खरे लिहावे लागते, आणि बत्तीस वर्षे कचेरीत काढलेल्या माणसाला त्याची अडचण नीट कळते. मुलाचे लग्न मे महिन्यात झाले, नव्या जोडप्याला पुढची खोली मिळाली आणि घरमालकांचा पलंग व्हरांड्यात आला. भाऊ दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मला त्या काळात वह्या तपासायला पुष्कळ वेळ मिळाला. मोहल्ल्याने काय बोलायचे ते बोलून घेतले. समोरच्या पेन्शनरांना साहेब दिसेनासे झाले आणि त्यांनी बदलीची बातमी पसरवली.

त्याच वर्षी जूनमध्ये मी कडी लावून शाळेत निघाले असता घरमालक पलंगावर बसून पाहुण्यांना सांगत होते, "भाऊ देवमाणूस आहे जी तिचा. बाईच खट आहे." मी त्यांच्यासमोरून गेले. वर्षभरात त्या घरात माझ्याविषयी काढलेला तो पहिला निष्कर्ष होता, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ त्यांच्यापाशी पुरेसा आधारही होता.